दीड एकराचे डॉलर

रविवार, ७ सप्टेंबर २०२५. भाद्रपद पौर्णिमा.

आज सकाळी मी विहारात माझ्या मोठ्या भावाचं मनगट धरलं.

वंदना संपली होती. आमच्याकडे वर्षावासातल्या पौर्णिमांना दर माणसानं आपली एका दिवसाची कमाई विहाराला द्यायची रीत आहे. पांढऱ्या कपड्यानं तोंड बांधलेला माठ असतो, कपड्याला मधोमध भोक. मूठ झाकून आणायची आणि आत सोडायची. कोणाची कमाई किती, हे कोणी विचारत नाही. निंदायला जाणारी बाई तीनशे टाकते, मास्तर दोन हजार टाकतो. ज्याच्या हाताला काम नाही तोही रांगेतून सुटत नाही. रिकामी मूठ आत घालून बाहेर काढतो. घरातला माणूस बाहेरगावी असला तर त्याच्या नावाची मूठ घरचे आणतात. तीन वर्षांपासूनचा पैसा स्लॅबसाठी आहे, नऊ लाख लागतात. समितीचा अध्यक्ष म्हणून माठाजवळ मी उभा असतो.

दादा, म्हणजे माझा भाऊ ग्यानोबा, एकदा मूठ सोडून गेला. मग रांगेच्या शेवटी परत येऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा माठाशी आला तेव्हा मला वाटलं, आली एकदाची त्याच्या अमेरिकेतल्या पोराची मूठ. मी त्याचं मनगट धरलं. म्हणालो, "ही प्रज्ञेशची व्हय, दादा? दिसू दे की सगळ्याला. आपला स्लॅब ह्याच मुठीत हाय."

लोक हसले. दादा म्हणाला, "सोड, प्रमोद."

मी सोडलं नाही. मग त्यानं मूठ उघडली. आत काहीच नव्हतं.

चेष्टा करायला याला बुद्धाच्या मूर्तीसमोरचीच जागा सापडली. अंगाची आग झाली. पोरगं अमेरिकेत चार कोटींचं घर घेतं आणि बाप त्याच्या नावानं भर विहारात रिकामा हात दाखवतो. मी मोठ्यानं म्हणालो, "चार कोटीवाल्याची एक दिवसाची कमाई बघून घ्या रे." दादा चप्पल न घालताच पायऱ्या उतरला. चपला हातात होत्या.

चार कोटी मी मनानं सांगत नाही. परवा लालसिंग तांड्यावरून माझ्या गिरणीत दळण घेऊन आला होता. प्रज्ञेशच्या घराचा फोटो गावभर फिरलाच आहे. तिकडे कोणाचंही घर कितीला विकलं ते मोबाइलवर दिसतं म्हणे. लालसिंगनं काढून दाखवलं, चार लाख ऐंशी हजार डॉलर. मग अठ्ठ्याऐंशीनं गुणलं आणि आकडा मला मोठ्यानं वाचून दाखवला: चार कोटी बावीस लाख चाळीस हजार. "प्रमोदभाऊ, आता गिरणी बंद करा अन् पुतण्याच्या दारात वॉचमन व्हा," म्हणाला.

तेव्हापासून हा आकडा डोक्यातून जात नाही. मी दहावीपर्यंत गावच्याच शाळेत शिकलो. लाख मला समजतो, गिरणीची मोटार आणि शेड मिळून लाख-दीड लाख होतात. कोटी डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून दळणात मोजलं. किलोला सहा रुपये. चार कोटी बावीस लाख म्हणजे सत्तर लाख किलो दळण. साडेतीनशे घरांचं आमचं गाव पस्तीस वर्षं माझ्याच गिरणीत दळेल, विजेचं बिल मी भरणार नाही आणि पोटाला काही खाणार नाही, तेव्हा प्रज्ञेशचं घर होईल.

वाईट वाणी बोलू नये हे मला कळतं. मी वाईट बोललो नाही. खरं ते विचारलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

माझी बायको शिला दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आज ताट पुढं ठेवून म्हणाली, "तुमी दादाचा हात धरला की चोराचा?"

मी म्हटलं, रिकामी मूठ घेऊन मी आलो की तो?

"रिकामी मूठ कोन आनतो ते तुमाला ठाऊक न्हाई व्हय," म्हणाली आणि आत गेली. या बाईला नेमकं काय म्हणायचं असतं ते कधी कळत नाही.

वहिनीनं, रुक्माबाईनं, ज्वारीचं दळण ऑटोत घालून आखाडा बाळापूरला पाठवलं. माझी गिरणी त्यांच्या दारापासून दिसते. पाठवा म्हणावं. चार कोटीवाल्यांना भाडं काय जड आहे.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

विश्वंभर आला होता. त्याचं शेत आमच्या बांधाला लागून आहे. दळण नव्हतं, तरी येऊन पोत्यावर बसला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "जय भीम घालायला आलो म्हना. दादा जमीन काढून राहिले, तुमच्या कानावर असंलच."

माझ्या कानावर काही नव्हतं. मी पट्टा सुटल्यासारखा बघत राहिलो.

"त्यांचा दीड एकर. एकरी बारा लाखानं बोललो मी, अठरा लाख. सातबारा एकत्र हाय तुमचा, म्हनून तुमची संमती लागती. तुमची सही असल्याबिगर मी हात लावनार न्हाई, उगं पुढं कोर्टाची तकलीफ नको."

गिरणी बंद केली आणि पिठानं भरलेला तसाच दादाच्या घरी गेलो. तो ओसरीवर बसून बोटं मोडत होता. मी विचारलं, जमीन काहून विकून राहिला?

"पोरानं मागितले पैसे."

"चार कोटीवाल्यानं?"

वहिनी आतून म्हणाली, "भाऊजी, चहा ठेवते." मी नको म्हटलं.

त्या तीन एकरांसाठी आमच्या बापानं इसापूर धरणावर दगड फोडला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तिथं राहिली. गावातल्या आमच्या लोकांत स्वतःच्या नावाचा बांध असलेला तो पहिला माणूस. हे सगळं मी बोललो, यापेक्षा जास्तही बोललो. दादा खाली बघत ऐकत होता. मी उठलो तेव्हा म्हणाला, "तुझ्या सहीबिगर व्हत न्हाई, प्रमोद. ध्यानात ठेव."

"दम देतो का मला?"

"दम न्हाई देत. तू सही न्हाई केली तर मी काय करनार, एवढंच सांगून राहिलो."

धाकट्या भावाला असं कोंडीत धरायचं. उद्या गाव म्हणेल, प्रमोदनं अडवलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

प्रज्ञेशचा व्हिडिओ कॉल आला. रात्रीचे आठ वाजले होते, म्हणजे त्याच्याकडे सकाळचे साडेनऊ. दादानंच सांगितलं असणार काकाशी बोल म्हणून. साहेब गाडीत बसलेले. दाढी वाढलेली. सोमवार सकाळ, कामाचा दिवस, आणि हा गाडीत बसून पगार खातो आहे. बाजूच्या सीटवर खाण्याच्या पाच-सहा कागदी पिशव्या, एकेकीवर नावाची चिठ्ठी चिकटवलेली. सकाळी सकाळी एवढ्या लोकांची मेजवानी. त्यातल्या एका पिशवीच्या पैशात आमच्याकडे एका बाईचा दिवसाचा रोज निघतो.

मी म्हटलं, "काय रे, दावत हाय का कोनाची?"

तो पिशव्यांकडे बघून म्हणाला, "नाही काका. असंच." मग म्हणाला, "काका, ते घर माझं नाही. बँकेचं आहे."

"मंग राहतो कोन त्याच्यात, बँकेचा मॅनेजर?"

तो हसला. लहानपणी गिरणीत पीठ उडालं की शिंकायचा आणि मग असाच हसायचा. मला राग आवरायला जड गेलं.

"किती पाहिजेत तुला?"

"फक्त वीस हजार, काका."

खरं सांगतो, एक क्षण मला हायसं वाटलं. वीस हजारांसाठी कोणी जमीन विकतं का, मीच देतो, असं तोंडावर आलं होतं. मग कळलं, डॉलर. वीस हजार डॉलर म्हणजे आमचा दीड एकर. बापाची दोन बोटं. आणि त्याला हा 'फक्त' म्हणतो.

मी विचारलं, "तुझी एका दिवसाची कमाई किती हाय रे, प्रज्ञेश? एकदा आकडा सांग मला."

तेवढ्यात गाडीच्या काचेवर कोणीतरी टकटक केलं. तो घाईघाईनं "सॉरी, सॉरी" म्हणत गाडी पुढं घेऊ लागला आणि फोन बंद झाला. उत्तर टाळायला बरं सापडलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दुपारी वीज गेली. गिरणीत बसून मी उलटा हिशेब केला. इतके दिवस तिकडचं इकडं आणत होतो तर सगळं फुगत होतं. आज इकडचं तिकडं नेलं. माझं दिवसभराचं दळण, वीजबिल सोडून, सात-आठ डॉलर. विहाराचा स्लॅब, ज्याच्यासाठी गाव तीन वर्षं मुठी आणतंय, तो दहा हजार डॉलर, तिकडचं एखादं जुनं वाहन. शिलाच्या कानातलं, लेक करुणाचं नर्सिंगचं शिक्षण, या गिरणीचं जातं, सगळं भागून बघितलं. एकही गोष्ट मोठी राहिली नाही.

मला त्या अठ्ठ्याऐंशीचा राग येतो. कोणी ठरवला हा आकडा? आमच्या बापानं दगडावर घण घातला तेव्हा तो तिकडच्या घणापेक्षा अठ्ठ्याऐंशी पटीनं हलका पडत होता का? दगड तर तसाच फुटत होता.

संध्याकाळी वंदनेला बसलो. मन शरणाला गेलंच नाही, भागाकार करत राहिलं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. सोयाबीन पाण्यात उभं आहे, दादाचं आणि माझं सारखंच. बांधावर दादा भेटला. दोघांनी पाण्याकडे बघितलं. तो म्हणाला, "विश्वंभर दसऱ्याला ईसार देनार हाय. त्याच्या ओसरीवर, धा वाजता. चार मानसं असतील." मी मान हलवली. जाताना त्यानं परत सांगितलं, "धा वाजता, बरं का." एकदा सांगितलेलं मला कळत नाही, असं वाटतं की काय याला.

रविवार, २८ सप्टेंबर

करुणा नांदेडहून दोन दिवसांची सुट्टी काढून आली. तिथल्या दवाखान्यात ती नर्स आहे. जेवताना मी प्रज्ञेशचा विषय काढला, तर तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"अप्पा, प्रज्ञेशदादाची नोकरी एप्रिलमध्येच गेली."

मी म्हटलं, कोणी सांगितलं?

"त्यानंच. मला मे महिन्यापासून माहीत आहे. मोठ्या बाबांना जूनपासून. शंभर-सव्वाशे माणसं एका दिवसात काढली त्याच्या कंपनीनं. आता तो लोकांच्या घरी जेवण पोचवतो, गाडीतून. ऐश्वर्यावहिनीच्या पगारात खाणं आणि लेकराचं पाळणाघर भागतं."

गाडीतल्या चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या माझ्यासमोर आल्या. मग दादाची उघडलेली मूठ आली. जूनपासून ठाऊक होतं त्याला. सप्टेंबरात त्यानं पोराच्या नावानं रीतीप्रमाणे मूठ आणली, आणि ज्यानं ती रीत सांभाळायची त्यानंच ती सगळ्यांसमोर उघडायला लावली. शिला ताटाजवळ बसून होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

करुणानं घराचं समजावून सांगितलं. चार लाख ऐंशी हजारांतले अठ्ठेचाळीस हजार त्याचे, तेही पाच वर्षं साठवलेले. बाकी बँकेचे, तीस वर्षं फेडायचे. महिन्याला चौतीसशे डॉलरचा हप्ता, तीन थकलेत.

मी म्हटलं, "म्हणजे आपला दीड एकर..."

"सहा हप्ते, अप्पा. तीन थकलेले, तीन पुढचे. डिसेंबरपर्यंत. मग घर जाणारच आहे."

"मंग सोडून काहून देत न्हाई? ये म्हणावं इकडं, न्हाईतर राहा म्हणावं भाड्याच्या खोलीत."

"फोटो फिरला ना गावात. चार कोटींचं घर, चार कोटींचं घर. ते गेलं तर कोणत्या तोंडानं गावात येऊ, म्हणतो. त्यानं कधी कोटी म्हटलं होतं का? ते आपणच म्हटलं."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. सांगितलं का नाही म्हणून दादावर ओरडायचं होतं. नोकरीचा भरवसा नसताना तीस वर्षांचा दोर गळ्यात घालणाऱ्या पोरावर ओरडायचं होतं. लालसिंगचा मोबाइल जात्यात घालावा वाटला. उठून मोरीत गेलो आणि हात धूत राहिलो. हात स्वच्छच होते.

सोमवार, २९ सप्टेंबर

दादा शेतात होता, सडलेल्या शेंगा उपटत. मी शेजारी वाकून उपटू लागलो.

मी म्हटलं, "करुणानं सांगितलं सगळं."

"हूं."

"माझं चुकलं विहारात."

"हूं." त्यानं मुळाचा चिखल झटकला. "मायच्यानं, एकबी दाना भरला न्हाई औंदा."

मी विचारलं, "दादा, तुझ्या मनात काय हाय? विकायची का न्हाई?"

"लेकरानं मागितलं, प्रमोद. बाप न्हाई म्हनतो का? माझ्या तोंडातून न्हाई निघनार न्हाई." मग बांधावरच्या, बापानं रचलेल्या दगडांकडं बघत म्हणाला, "दसऱ्याला धा वाजता."

"ठाऊक हाय मला. तीनदा सांगितलं तू."

"व्हय," म्हणाला. "सांगितलं खरं."

म्हणजे तो विकणारच. माझ्या माफीचाही त्याच्यावर काही उपयोग नाही. सही करावी, तर डिसेंबरपर्यंत बापाचा बांध बँकेच्या पोटात जातो आणि पोरगं तिथंच राहतं जिथं आज आहे. न करावी, तर मूठ उघडली ती उघडली आणि आता घरही बुडवलं, असं सगळं गाव म्हणेल. दादा तर जन्मभर म्हणेल. मी देण्याघेण्याच्या गोष्टीत कधी इतका अडकलो नव्हतो. आज वंदनेत फक्त एवढंच मागितलं की गुरुवारी हातून चूक होऊ नये.

गुरुवार, २ ऑक्टोबर. विजयादशमी.

निळे झेंडे लागलेल्या दोन जीप सकाळीच नागपूरकडे गेल्या. मला जायचं होतं, गेलो नाही. विहारात मेणबत्ती लावली आणि दहाला विश्वंभरच्या ओसरीवर पोचलो.

पोलीस पाटील, गावातले जाणते तातेराव, लालसिंग आणि विश्वंभरचा मेहुणा, असे चार साक्षीदार सतरंजीवर. ताटात आपट्याची पानं आणि जिलेबी. दादा भिंतीला टेकून, इस्त्रीचा सदरा घालून बसलेला. विश्वंभरनं कागद माझ्यापुढं सरकवला. "प्रमोदभाऊ, आधी तोंड गोड करा की आधी सही करता?"

लालसिंग म्हणाला, "सही करू द्या आधी. पुतण्या करोडपती, काकाचं तोंड गोडच हाय."

ते हसले. करोडपती हा शब्द मला परत ऐकू आला आणि तोंडापर्यंत आलं, की तो पोरगा दारोदार जेवण वाटतो, तुमचे करोड घाला चुलीत. दादानं माझ्याकडं बघितलं. मी तो घोट गिळला. त्याच्या घरची गोष्ट त्यानं सांगितली नाही, तर मी कोण सांगणारा.

मी म्हटलं, "मी सही करत न्हाई."

विश्वंभरला वाटलं भाव वाढवायचा आहे. "अजून पन्नास हजार घ्या म्हनतो मी."

"पन्नास लाख दिले तरी न्हाई. बापाची जमीन हाय. माझ्या जित्यापनी तिचा तुकडा जानार न्हाई."

तातेराव म्हणाले, "अरे, भावाची गरज हाय. हिस्सा त्याचा हाय. तू काहून आडवा येतो? पुतण्याचं बरं पाहवत न्हाई व्हय?"

"न्हाई पाहवत," मी म्हटलं.

मग दादा उठला. आयुष्यात मी त्याला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. "ऐका रे सगळे. ह्यानं अडवलं. मी तयार होतो, ह्यानं अडवलं. तुमी साक्षी हाव." दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदाही म्हणाला. खिशातून फोन काढून तिथंच प्रज्ञेशला लावला आणि आवाज मोठा केला. तिकडं रात्र असणार. दादा म्हणाला, "बाळा, काका सही देईना. लई बोललो. माझ्या हातात काही राहिलं न्हाई."

मग प्रज्ञेशनं मोठा श्वास सोडला, डोक्यावरचं पोतं खाली टाकल्यावर हमाल सोडतो तसा. "बरं, बाबा," म्हणाला. "मग राहू द्या." तो रडला की काय, मला कळलं नाही.

दादानं फोन माझ्या तोंडापुढं धरला. "बोल, तूच सांग आता त्याला." रागानं धरला असेल, पण हात हलत नव्हता.

मी म्हटलं, "प्रज्ञेश, शिव्या मला घाल. चाव्या ज्याच्या त्याला देऊन टाक. तिथं राहायचं तर लहान खोलीत राहा, यायचं तर ये. दीड एकर हितंच हाय, कुठं जात न्हाई." चौघांसमोर याच्यापेक्षा जास्त बोलता आलं नाही. चाव्यांचा अर्थ त्यांना लागला नाही, बरं झालं.

लालसिंग दादाच्या बाजूला सरकला. तातेराव माझ्याकडं न बघता तोंड पुसत होते. उद्यापासून दळण कमी होणार, हे मला तिथंच दिसलं. आकडा एकदा फुगला की त्याला टाचणी लावणारा माणूस कोणाला आवडत नाही, आणि मला तर टाचणी कुठं लागली तेही सांगता येणार नव्हतं.

विश्वंभरनं दिलेलं पेन माझ्या हातात तसंच होतं. मी त्याचं टोपण लावलं. कागद उचलला, दादाची सही खाली होती, सावकाश काढलेली, प्रत्येक अक्षर वेगळं. माझ्या नावासमोरची जागा कोरी होती. तशीच कोरी ठेवून मी कागद विश्वंभरला परत दिला आणि ओसरी उतरलो.